व्यावसायिक व्हीआर हेडसेट : खरा खर्च किती?

वास्तुरचनाकारांची कार्यालये, वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने, वैद्यकीय महाविद्यालये, वैमानिक प्रशिक्षण संस्था अशा सगळ्यांकडे आता व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे व्हीआर हेडसेट घेण्याचा विचार सुरू असतो. चौकशी केली की पहिला आकडा कळतो तो हेडसेटचा, आणि बहुतेकांचे अंदाजपत्रक तिथेच थांबते. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. महागड्या हेडसेटच्या बाबतीत तीन वर्षांच्या एकूण खर्चात त्या डब्याचा वाटा पाव ते दोन पंचमांश एवढाच असतो. बाकीचा पैसा संगणक, कर, सॉफ्टवेअर आणि देखभालीवर जातो, आणि ते चालवणाऱ्या माणसाचा वेळ त्याहून वेगळा. खरेदीची फाइल पुढे सरकवण्याआधी हा सगळा हिशेब डोळ्यांसमोर असावा, यासाठी हे मार्गदर्शन.

या लेखातले परदेशी दर उत्पादकांनी जाहीर केलेल्या मूळ किमतींचे आहेत आणि अमेरिकेतल्या दरांत तिथला विक्रीकर धरलेला नाही. हिशेबासाठी डॉलर ९० रुपये धरला आहे. तुमच्या खरेदीच्या दिवशीचा दर विक्रेत्याकडून लेखी कोटेशनवरच घ्या.

आधी काम लिहून काढा

'आम्हाला चांगला हेडसेट हवा' एवढ्यावर कोटेशन मागवले की विक्रेता सगळ्यात महाग उपकरण दाखवणार. त्याऐवजी एका कागदावर लिहा: हेडसेट घालून नेमके काय बघायचे आहे, किती अंतरावरून, किती वेळ आणि किती जणांनी.

यात सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे पिक्सेल प्रति अंश. नजरेच्या एका अंशात पडदा किती ठिपके दाखवतो, ते हा आकडा सांगतो. निरोगी डोळ्याची क्षमता साधारण ६० धरतात. मेटा क्वेस्ट ३ या लोकप्रिय हेडसेटमध्ये तो सुमारे २५ आहे, तर फिनलंडच्या व्हार्यो कंपनीच्या एक्सआर-४ मध्ये ५१.

याचा अर्थ प्रत्यक्ष पाहू. तुमच्यापासून एक मीटरवर एक नियंत्रण फलक आहे आणि त्यावर ३ मिलिमीटर उंचीची अक्षरे आहेत. एक मीटरवर एक अंश म्हणजे साधारण साडेसतरा मिलिमीटर. क्वेस्ट ३ मध्ये एक ठिपका ०.७ मिलिमीटरचा पडतो, म्हणजे अक्षराच्या वाट्याला जेमतेम चार ठिपके येतात आणि ते वाचता येत नाही. एक्सआर-४ मध्ये त्याच अक्षराला जवळपास नऊ ठिपके मिळतात आणि ते वाचता येते. विमानाच्या कॉकपिटमधला उंचीमापक वाचायचा असेल, गाडीच्या डॅशबोर्डवरची बटणे तपासायची असतील, तर हा फरक पैसे मोजण्याजोगा आहे. ग्राहकाला तीन बेडरूमच्या फ्लॅटमधून फिरवून आणायचे असेल, दिवाणखाना किती मोठा वाटतो हे दाखवायचे असेल, तर २५ ठिपके पुरतात.

बाजारात काय दराने मिळते

*पहिला गट, १,००० डॉलरच्या आत किंवा आसपास.* मेटा क्वेस्ट ३ ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०० डॉलरला आला. एचटीसीचा व्हाइव्ह फोकस व्हिजन सप्टेंबर २०२४ मध्ये ९९९ डॉलरला जाहीर झाला. दोन्ही स्वतंत्रपणे चालतात आणि गरज पडली तर संगणकालाही जोडता येतात. रुपयांत मूळ किंमत अनुक्रमे ४५ हजार आणि ९० हजारांच्या घरात जाते. भारतातल्या विक्रेत्याकडे कर आणि आयातदाराचा नफा धरून त्याहून जास्त मोजावे लागतात.

*दुसरा गट, १,८०० ते ३,५०० डॉलर.* सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सआर ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिका आणि दक्षिण कोरियात विक्रीला आला, किंमत १,७९९ डॉलर. ॲपल व्हिजन प्रो फेब्रुवारी २०२४ पासून ३,४९९ डॉलरला विकला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी एम५ चिप घातली, तेव्हाही किंमत तीच राहिली. व्हिजन प्रोच्या बाबतीत जोडवस्तूंचा खर्च वेगळा धरा. चष्म्याच्या नंबरच्या झाइस भिंगांना अमेरिकेत १४९ डॉलर, चेहऱ्याच्या मापाच्या लाइट सीलला १९९, जादा बॅटरीला १९९ आणि दोन वर्षांच्या ॲपलकेअर प्लस संरक्षणाला ४९९ डॉलर पडतात. एका माणसासाठी हे सगळे घेतले तर १,०४६ डॉलर, म्हणजे ९४ हजार रुपये वाढतात. हा हेडसेट मुळात एका माणसाच्या मापाने बसवला जातो. दहा जणांत फिरवायचा असेल तर मापे आणि नंबर यांचा प्रश्न उभा राहतो.

*तिसरा गट, ४,००० ते १०,००० डॉलर.* व्हार्यो एक्सआर-४ नोव्हेंबर २०२३ मध्ये ३,९९० डॉलरपासून जाहीर झाला. त्याचीच फोकल आवृत्ती ९,९९० डॉलरची. या आवृत्तीतले बाहेरचे कॅमेरे तुमची नजर जिथे असेल तिथे फोकस करतात. त्यामुळे हातातला खरा कागद किंवा समोरचा खरा स्विच हेडसेटमधून स्पष्ट दिसतो. खऱ्या कॉकपिटमध्ये बसून खिडकीबाहेर आभासी आकाश पाहायचे असेल, तर या दर्जाची गरज लागते. संरक्षण क्षेत्रासारख्या ठिकाणांसाठी वेगळी सिक्युअर आवृत्तीही आहे. हेडबँड धरून एक्सआर-४ चे वजन सुमारे एक किलो भरते, तर क्वेस्ट ३ अर्ध्या किलोच्या थोडासा वर आहे. दीर्घ सत्रांचे नियोजन करताना हा आकडा विसरू नका, मानेला तो जाणवतो.

तिसऱ्या गटातली उपकरणे उगीच महाग नाहीत. युरोपियन संघाच्या विमान सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये पहिल्यांदाच व्हीआरवर आधारलेल्या उड्डाण प्रशिक्षण यंत्राला मान्यता दिली. स्वित्झर्लंडच्या व्हीआरएम कंपनीचे ते रॉबिन्सन आर-२२ हेलिकॉप्टरचे यंत्र होते. तिथे हेडसेटमधला काटा चुकीचा वाचून चालत नाही.

भारतात आणताना

महाग हेडसेट बहुधा थेट परदेशातून किंवा अधिकृत पुनर्विक्रेत्यामार्फत येतो. त्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी लागतो. हेडसेट कोणत्या शुल्क शीर्षकाखाली बसतो, यावर मूळ शुल्काचा दर ठरतो. हे वर्गीकरण माल येण्याआधी कस्टम्स ब्रोकरकडून लेखी ठरवून घ्या. माल गोदीत अडकला की विलंबशुल्क तुमच्याच माथी.

नमुन्यादाखल मूळ शुल्क १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरून ३,९९० डॉलरच्या हेडसेटचा हिशेब असा:

- हेडसेट, वाहतूक आणि विमा मिळून: ३,७०,००० रुपये
- मूळ सीमाशुल्क: ३७,००० रुपये
- अधिभार: ३,७०० रुपये
- आयजीएसटीपूर्वी बेरीज: ४,१०,७०० रुपये
- आयजीएसटी: ७३,९२६ रुपये
- एकूण: ४,८४,६२६ रुपये

जीएसटी नोंदणी असलेल्या आणि करपात्र सेवा देणाऱ्या व्यवसायाला आयजीएसटीची वजावट मिळते, म्हणजे त्याचा खरा खर्च ४,१०,७०० रुपये. रुग्णालयांची आणि शिक्षणसंस्थांची मुख्य सेवा करमुक्त असल्याने त्यांना ही वजावट मिळत नाही. त्यांनी पूर्ण ४,८४,६२६ रुपयेच अंदाजपत्रकात धरावेत. एकाच वस्तूसाठी दोन संस्थांच्या खर्चात पाऊण लाखाचा फरक पडतो, तो इथे.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून हेडसेट आणण्याचा मोह टाळा. व्यवसायाच्या नावाचे बिल ऑफ एंट्री नसेल तर कराची वजावट नाही, हिशेबाच्या वहीत मालमत्ता दाखवायला पंचाईत आणि वॉरंटीचा दावाही कमजोर. वायफाय आणि ब्लूटूथ असलेल्या उपकरणाच्या आयातीला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते. ती विक्रेत्याने घेतली आहे का, हे विचारा.

घसाऱ्याबाबतही सीएशी आधीच बोला. प्राप्तिकराच्या नियमांत संगणकाला ४० टक्के आणि सर्वसाधारण यंत्रसामग्रीला १५ टक्के घसारा आहे. हेडसेट संगणकाला जोडून चालणारा आहे की स्वतंत्र, यावरून तो कोणत्या दरात बसतो याची चर्चा होऊ शकते.

मागे उभा असलेला संगणक

एक्सआर-४ च्या दोन्ही डोळ्यांचे मिळून सुमारे २ कोटी ८७ लाख पिक्सेल होतात. हे फोर-के मॉनिटरच्या जवळपास साडेतीन पट आहे, आणि ते सेकंदाला ९० वेळा नव्याने रंगवायचे असतात. संगणक मागे पडला तर चित्र अडखळते आणि पाहणाऱ्याला मळमळते. त्यामुळे इथे काटकसर केली तर हेडसेटवरचे पैसे वाया जातात.

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ५०९० या ग्राफिक्स कार्डाची भारतातली सुरुवातीची किंमत २,१४,००० रुपये जाहीर केली. दुकानात बहुतेक वेळा त्याहून जास्त मोजावे लागतात. हे कार्ड एकटे ५७५ वॉट वीज घेते आणि त्याला १,००० वॉटचा वीजपुरवठा लागतो. कॅबिनेट, थंड ठेवण्याची सोय, मेमरी धरून पूर्ण संगणक ४ ते ५ लाखांच्या घरात जातो. त्यावर चांगला यूपीएस घ्या. महावितरणचा एक झटका ऐन सादरीकरणात बसला तर ग्राहकही हातचा जातो आणि फाइलही.

वास्तुरचनाकाराच्या कामाला एवढी ताकद लागत नाही. आरटीएक्स ५०७० टीआय कार्ड ८० हजारांपासून जाहीर झाले. त्यावर बांधलेला पावणेदोन लाखांचा संगणक क्वेस्ट ३ सोबत घराचे मॉडेल व्यवस्थित चालवतो. व्हिजन प्रो आणि गॅलेक्सी एक्सआर संगणकाशिवाय चालतात, पण विंडोजवरचे जड कॅड मॉडेल त्यांत पाहायचे असेल तर मधले स्ट्रीमिंग सॉफ्टवेअर आणि ताकदवान संगणक पुन्हा लागतोच.

सॉफ्टवेअर आणि मॉडेल

सॉफ्टवेअरच्या परवान्यात बरेच जण फसतात, कारण दर उलाढालीवर ठरतो. वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा, म्हणजे सुमारे ९ कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या कंपनीला अनरिअल इंजिन आणि ट्विनमोशन ही त्रिमित दृश्ये दाखवणारी सॉफ्टवेअर मोफत वापरता येतात. त्यावर गेलात आणि काम खेळांव्यतिरिक्तचे असेल, तर अनरिअलला एका आसनामागे, म्हणजे एका वापरकर्त्यामागे, वर्षाला १,८५० डॉलर आणि नुसत्या ट्विनमोशनला ४४५ डॉलर, असे दर २०२४ मध्ये लागू झाले. छोट्या कार्यालयाने हे नीट वाचावे, मोफत मिळणारी वस्तू विकत घेऊ नये.

सॉफ्टवेअरपेक्षा मोठा खर्च मॉडेल तयार करण्याचा असतो. कॅडमधली फाइल जशीच्या तशी हेडसेटमध्ये चालत नाही. तिचे वजन कमी करावे लागते, लाकूड, काच, दगड यांचे पोत द्यावे लागतात, उजेड बसवावा लागतो. हे काम जाणणारा माणूस कार्यालयात नसेल तर प्रत्येक प्रकल्पाला बाहेरून करून घ्यावे लागते. हेडसेट घेण्याआधी तुमच्याच एका जुन्या प्रकल्पाची फाइल देऊन दोन-तीन जणांकडून मॉडेलचे कोटेशन मागवा. तो आकडा पाहून पुष्कळांचा निर्णय बदलतो.

जागा, स्वच्छता आणि पावसाळा

उभे राहून वापरायचे असेल तर किमान दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा हवी, खांब, टेबल, काचेचे दार यांच्यापासून दूर. चेहऱ्याला लागणारा फोम घामाने खराब होतो. ग्राहकांना किंवा विद्यार्थ्यांना हेडसेट द्यायचा असेल तर पुसता येणारे कव्हर आणि जादा फोम सुरुवातीलाच मागवा.

भिंगांची काळजी वेगळी घ्यावी लागते. भिंगे कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसा, सॅनिटायझर लावू नका. हेडसेट खिडकीजवळ भिंगे वर करून ठेवला आणि त्यांवर थेट ऊन पडले, तर भिंग ऊन एका बिंदूवर गोळा करते आणि आतला पडदा कायमचा भाजतो. हे काही मिनिटांत होऊ शकते. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या भिंगांना बुरशी लागते, तसाच धोका इथेही आहे. छायाचित्रकार वापरतात तशी कोरडी पेटी किंवा सिलिका जेलचा हवाबंद डबा हा काही हजारांचा खर्च चार लाखांची वस्तू वाचवतो.

चष्मा असलेल्या व्यक्तीने हेडसेट घातला की चष्म्याची काच भिंगाला घासते आणि दोन्हींवर ओरखडे पडतात. चष्म्यासाठीचा स्पेसर किंवा नंबरची भिंगे आधीच घ्या. दोन बुबुळांमधले अंतर प्रत्येकाचे वेगळे असते. एक्सआर-४ आणि व्हिजन प्रो ते आपोआप जुळवतात, क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून जुळवावे लागते. दिवसाला वीस जण हेडसेट घालणार असतील तर हे आपोआप होणे ही चैन नव्हे. चुकीच्या अंतराने पाहिले की डोके दुखते, आणि माणूस दोष तंत्रज्ञानाला देतो.

तीन वर्षांचा हिशेब

९ कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या, एक्सआर-४ दर्जाचे एक आसन उभारणाऱ्या अभियांत्रिकी कंपनीचा हा नमुना. हेडसेट आणि परवाना सोडून बाकी आकडे अंदाजपत्रकासाठी धरलेले आहेत:

- हेडसेट, आयजीएसटी वगळून: ४,१०,७०० रुपये
- संगणक: ४,७५,००० रुपये
- यूपीएस: ३०,००० रुपये
- जागेची तयारी, कोरडी पेटी, स्टँड: ४०,००० रुपये
- सुटे भाग आणि दुरुस्ती: ५०,००० रुपये
- अनरिअल परवाना, तीन वर्षे: ४,९९,५०० रुपये
- एकूण: १५,०५,२०० रुपये

यात मॉडेल बनवणाऱ्याचा पगार धरलेलाच नाही. तरीही हेडसेटचा वाटा सुमारे २७ टक्केच निघतो. परवाना मोफत मिळत असेल तर एकूण १०,०५,७०० रुपये आणि हेडसेटचा वाटा ४१ टक्के.

आता हाच आकडा तासांत बघा. वर्षाला २५० दिवस, रोज दोन तास वापर झाला तर तीन वर्षांत १,५०० तास, म्हणजे तासाला सुमारे १,००० रुपये. आठवड्यातून एकदाच दोन तास वापरला तर तीन वर्षांत जेमतेम ३०० तास, तासाला ५,००० रुपये. दुसऱ्या परिस्थितीत भाड्याने घेणेच शहाणपणाचे. कार्यक्रमांसाठी हेडसेट भाड्याने देणारे व्यावसायिक मोठ्या शहरांत आहेत. त्यांचा दिवसाचा दर तुमच्या या तासाच्या आकड्याशी ताडून पाहा.

प्रशिक्षणासाठी घेणाऱ्यांनी विद्यार्थी मोजावेत. पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीच्या २०२० मधल्या अभ्यासात व्हीआर प्रशिक्षणाचा खर्च वर्गातल्या प्रशिक्षणाच्या बरोबरीला यायला ३७५ शिकणारे लागले. ३,००० शिकणारे झाले तेव्हा ते ५२ टक्के स्वस्त पडले. पन्नास जणांच्या तुकडीसाठी बचतीचे गणित मांडू नका. तिथे सुरक्षितता किंवा सरावाची संधी हेच खरेदीचे कारण असायला हवे.

वर्गणी आणि बंद पडणारी व्यासपीठे

व्हार्योचाच आधीचा एक्सआर-३ हेडसेट ५,४९५ युरोला होता, शिवाय वर्षाला १,४९५ युरोची वर्गणी सक्तीची होती. तीन वर्षांत ती वर्गणी ४,४८५ युरो झाली, म्हणजे हेडसेटची जवळपास दुसरी किंमत. त्यामुळे 'वर्गणी थांबवली तर हेडसेट चालतो का?' हा प्रश्न कोणत्याही विक्रेत्याला विचाराच.

दुसरा धोका कंपनीने हात काढून घेण्याचा. एचपीचा रिव्हर्ब जी-२ हा २०२० मध्ये ५९९ डॉलरला आलेला चांगला हेडसेट मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटीवर चालत असे. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२३ मध्ये ती सोय बंद करण्याचे जाहीर केले, आणि २०२४ मधल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ती काढलीच. संगणक अद्ययावत केला आणि हेडसेट चालेनासा झाला, अशी वेळ अनेकांवर आली. मायक्रोसॉफ्टच्याच ३,५०० डॉलरच्या होलोलेन्स २ हेडसेटचे उत्पादनही ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबले, सुरक्षा सुधारणा २०२७ अखेरपर्यंतच मिळणार आहेत. म्हणून हेडसेटचे आयुष्य तीन वर्षे धरा. ओपनएक्सआर या खुल्या मानकावर चालणारे सॉफ्टवेअर निवडा, म्हणजे उद्या हेडसेट बदलला तरी तुमचे मॉडेल वाया जाणार नाही.

ऑर्डर देण्यापूर्वी लेखी घ्या

- वॉरंटी भारतात लागू आहे का, आणि दुरुस्ती भारतात होते की परदेशात?
- दुरुस्तीच्या काळात बदली हेडसेट मिळेल का?
- सॉफ्टवेअर सुधारणा कोणत्या तारखेपर्यंत मिळतील?
- इंटरनेट नसताना हेडसेट चालतो का?
- नजरेच्या हालचालींची नोंद कुठे साठवली जाते आणि ती बंद करता येते का?
- केबल, फोम, कंट्रोलर हे सुटे भाग किती दिवसांत आणि काय दराने मिळतील?
- आमच्याच फाइलवर, आमच्या कार्यालयात प्रात्यक्षिक द्याल का?

दुरुस्तीसाठी हेडसेट परदेशी पाठवावा लागला तर शिपिंग बिलावर त्याचा सीरियल क्रमांक नोंदवून घ्या. तो आयातीच्या कागदांशी जुळला पाहिजे. नाहीतर परत येताना पूर्ण वस्तूवर पुन्हा शुल्क मागितले जाऊ शकते.

काय घ्यावे

घरे, दुकाने, अंतर्गत सजावट दाखवणाऱ्या कार्यालयाने पहिल्या गटातला हेडसेट आणि पावणेदोन लाखांचा संगणक घ्यावा. सगळे मिळून अडीच ते तीन लाखांत काम भागते. एकाच तज्ज्ञाला रोज तासन्‌तास त्रिमित प्रतिमा पाहायच्या असतील तर दुसरा गट बघावा. बारीक अक्षरे वाचणे, खरी उपकरणे आणि आभासी दृश्य एकत्र आणणे हेच काम असेल, तरच तिसऱ्या गटाकडे वळावे, आणि तेव्हा १० ते १५ लाखांची तयारी ठेवूनच वळावे. कोणताही गट असो, एक अट सोडू नका: तुमच्या स्वतःच्या फाइलवर, तुमच्या माणसांनी सलग अर्धा तास हेडसेट घालून पाहिल्याशिवाय खरेदीच्या कागदावर सही करू नका.